मिश्री आणि कमी वजनाची बाळं: निपाणी भागातल्या केस-कंट्रोल अभ्यासाच्या प्रकल्प नोंदी

या नोंदी पद्धतीच्या आहेत. निष्कर्ष यात नाहीत, ते काम संपल्यावर. सीमाभागात कुणी असाच अभ्यास उभा करत असेल, तर वेळ कुठे जातो आणि आराखडा कुठे फाटतो हे आधी कळावं म्हणून लिहून ठेवतोय. टीम लहान आहे: दोन मुलाखतकार (दोघींना मराठी आणि कन्नड दोन्ही येतं), एक पर्यवेक्षक, एक माहिती सांभाळणारा.

६ जानेवारी. प्रश्न आणि आराखडा

प्रश्न एका ओळीत बसवला: गरोदरपणात मिश्री (भाजलेल्या तंबाखूची पूड) दाताला लावल्यानं बाळाचं जन्मवजन २५०० ग्रॅमच्या खाली जाण्याचा धोका किती वाढतो?

विषय नवा नाही. २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या मुंबईतल्या अभ्यासात धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी भरली होती. तो कोहॉर्ट अभ्यास होता, म्हणजे गरोदर बायका आधी गाठायच्या आणि बाळंतपणापर्यंत मागावर राहायचं. इकडे तसं करायचं तर पगारच वर्षभराचे होतात. शिवाय तिसरा महिना सरल्याशिवाय घरात कुणी बाहेर सांगत नाही, त्यामुळे सुरुवातीचे महिने हातातून जातात. म्हणून केस-कंट्रोल: कमी वजनाची बाळं (केस) आणि तुलनेसाठी नीट वजनाची बाळं (कंट्रोल) आधी घ्यायची, मग दोन्हींच्या आयांना मागचं विचारायचं.

निपाणीत (कर्नाटकात, महाराष्ट्राच्या सीमेलगत) तंबाखू नुसता दाताला लागत नाही. वखारीत निवडायला जाणाऱ्या बायका आहेत, घरी विड्या वळणाऱ्या आहेत, आणि मिश्री दोघीही लावतात. या तीन गोष्टी वेगळ्या नोंदवायच्या हे पहिल्याच दिवशी ठरलं. एकाच "तंबाखू: हो / नाही" या रकान्यात घातल्या तर नंतर सुटत नाहीत.

१३ जानेवारी. नमुना किती

गृहीतकं: बाळ नीट वजनाचं असलेल्या मातांमध्ये मिश्रीचं प्रमाण २० टक्के, पकडायचा ऑड्स रेशो (मिश्री लावणाऱ्या भागिले न लावणाऱ्या, हे केसमध्ये कंट्रोलच्या किती पट; १ म्हणजे फरक नाही) २, विश्वासपातळी ९५ टक्के, पॉवर (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) ८० टक्के, एका केसमागे दोन कंट्रोल. केसमधलं अपेक्षित प्रमाण येतं ३३.३ टक्के. नमुना काढायच्या केल्सीच्या सूत्रानं १२३ केस आणि २४६ कंट्रोल. दहा टक्के नकार किंवा न सापडणं धरून १३७ आणि २७४.

२० टक्के हा आकडा हलला की सगळं हलतं. १० टक्के धरलं तर त्याच गणितातून १९६ केस आणि ३९२ कंट्रोल येतात. म्हणून आधी दोन गावांत छोटी पाहणी करून आकडा तपासायचा, मगच बजेट लिहायचं. बरेच प्रस्ताव उलटे जातात: बजेट आधी, मग त्यात बसेल असं प्रमाण शोधायचं.

केस मिळायला किती लोकसंख्या लागेल? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशभरात सुमारे १८ टक्के बाळं कमी वजनाची आहेत. १३७ केससाठी ७६० च्या आसपास जन्म हवेत. हजारी १६ जन्म धरले, तर साठ हजार वस्तीत वर्षाला ९६०, महिन्याला ८०. सपाटीवर एका प्राथमिक आरोग्य केंद्राखाली तीस हजार वस्ती हा निकष आहे. म्हणजे दोन केंद्रांचं क्षेत्र आणि दहा महिने.

२२ जानेवारी. कंट्रोल कुठून आणायचे: पहिला बेत मोडला

पहिला बेत सोपा होता. शहरातल्या एका मोठ्या प्रसूतिगृहातली कमी वजनाची बाळं केस, आणि त्याच वॉर्डातली नीट वजनाची बाळं कंट्रोल. एका छताखाली काम, प्रवास नाही.

वॉर्डाच्या रजिस्टरमधले पत्ते लावून बघितले आणि तिथेच हा बेत मोडला. कमी वजनाची आणि दिवस न भरलेली बाळं लांबून येतात, काचेच्या पेटीची सोय आहे म्हणून. चिकोडीकडून, हुक्केरीकडून, कागलच्या बाजूनंही. नीट वजनाची बाळं बहुतेक शहरातल्याच बायकांची, कारण खेड्यातली साधी बाळंतपणं गावाजवळच होतात. म्हणजे केस खेड्यातल्या आणि कंट्रोल शहरातले. खेड्यात मिश्री जास्त असेल, तर मिश्रीचा काडीचा संबंध नसतानाही ऑड्स रेशो फुगून येईल. वरून कितीही समायोजन (इतर कारणांचा वाटा हिशेबातून वेगळा काढणं) केलं तरी हे जात नाही, कारण चूक आकड्यात नसून माणसं निवडण्यात आहे.

कसोटी एकच आहे आणि ती प्रत्येक कंट्रोलला लावायची: या बाईचं बाळ कमी वजनाचं झालं असतं, तर ती आपल्या केसच्या यादीत आली असती का? उत्तर "नाही" किंवा "सांगता येत नाही" असेल तर ती आपला कंट्रोल नाही.

२ फेब्रुवारी. माहेर

म्हणून दवाखाना सोडून वस्तीवर आलो. कोगनोळी, सौंदलगा, बेनाडी, अक्कोळ या पट्ट्यातून दोन केंद्रांची क्षेत्रं निवडली. आता दुसरा पेच. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, आणि इथल्या निम्म्या सुना पलीकडच्या: कागल, गडहिंग्लज, करवीर, हातकणंगले. सातव्या महिन्यात ओटी भरून जातात, बाळ झालं की सव्वा महिना किंवा तीन महिने काढून परततात. जन्म महाराष्ट्रातल्या दवाखान्यात, नोंद तिकडच्या रजिस्टरला, वजन तिकडच्या काट्यावर. उलट इथल्या लेकी महाराष्ट्रातून इथं बाळंतपणाला येतात आणि आपल्या केंद्राच्या प्रसूती रजिस्टरमध्ये दिसतात.

नुसतं इथलं प्रसूती रजिस्टर धरलं, तर पहिलटकरणी सुना गळतात आणि भलत्याच बायका आत येतात. पहिल्या बाळाचं वजन मुळात थोडं कमी असतं, शिवाय वयानं लहान सुनेचं मिश्रीचं प्रमाण थोरल्या जावेपेक्षा वेगळं असणार. गळती अशी दोन्ही बाजूंनी बोचते.

ठरलेली व्याख्या शब्दशः: "शेवटच्या पाळीच्या आधी किमान सहा महिने या दोन केंद्रांच्या क्षेत्रात सासरी राहणारी स्त्री, बाळंतपण कुठेही झालेलं असो." माहेरी आलेल्या लेकी बाद. जुळी बाद. जन्मजात व्यंग असलेली बाळंही बाद, पण मोजून.

यादी प्रसूती रजिस्टरमधून काढायची नाही, गरोदर नोंदणीतून काढायची. नोंदणी सासरी होते, तायी कार्ड (कर्नाटकातलं गरोदर बाईचं आरोग्य कार्ड) सासरीच मिळतं. सातव्यात माहेरी गेलेली सून आशाताईच्या वहीत असतेच. कुठल्या गावी गेली, कुणाकडं, परत कधी येणार, हेही त्यांना तोंडपाठ. नोंदणीत नसलेल्या थोड्या बायका आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांच्या याद्या समोरासमोर ठेवल्यावर सापडल्या.

९ फेब्रुवारी. परवानग्या

नैतिकता समितीकडून शंका आल्या त्या सगळ्या आधीच बांधता आल्या असत्या अशा. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं समोर ठेवून संमतीपत्र मराठी आणि कन्नड दोन्हींत हवं. वाचता न येणाऱ्या बाईसाठी निःपक्ष साक्षीदार हवा, आणि सासू हा निःपक्ष साक्षीदार नव्हे. आई अठरा वर्षांखालची निघाली तर काय करायचं, हे प्रोटोकॉलमध्ये आधी लिहून मागितलं. तिथं पोक्सोखाली (मुलांना लैंगिक अत्याचारापासून जपणाऱ्या कायद्याखाली) कळवण्याची कायदेशीर जबाबदारी येते, त्यामुळे मुलाखतकाराला दारात उभं राहून ठरवायला लावू नये.

पलीकडच्या दवाखान्यांचं रजिस्टर बघायचं तर त्या जिल्ह्याची वेगळी परवानगी लागते. ती वाट सोडली. डिस्चार्ज कार्ड आईच्या हातात असतं. तिची संमती घेऊन त्याचा फोटो काढला की जन्मवजन, तारीख आणि आठवडे मिळतात. फोटोत नाव-फोन येतं, तो भाग पट्टी ठेवून झाकायचा.

१६ फेब्रुवारी. कंट्रोलची व्याख्याच बदलली

नोंदणीच्या यादीतून "नीट वजनाची" बाळं निवडायची म्हटलं, तर आधी सगळ्यांची वजनं माहीत हवीत. माहेरी झालेल्या बाळांची वजनं महिना-दोन महिने कळत नाहीत. थांबलं तर मुलाखतीला उशीर, न थांबलं तर पहिलटकरणी पुन्हा बाहेर.

तोडगा: कंट्रोल सगळ्या जन्मांतून यादृच्छिक काढायचे, वजन न बघता. काढलेल्यांत काही बाळं कमी वजनाची निघतील. ती काढून टाकायची नाहीत, दोन्हीकडे मोजायची. याला केस-कोहॉर्ट म्हणतात. फायदे तीन आणि तिन्ही आपल्या कामाचे. वजनासाठी थांबावं लागत नाही. कमी वजन हा १८ टक्क्यांचा, म्हणजे अजिबात दुर्मीळ नसलेला प्रकार. नेहमीच्या पद्धतीत ऑड्स रेशो धोक्याच्या गुणोत्तरापेक्षा फुगलेला दिसतो, इथं थेट धोक्याचं गुणोत्तर मिळतं. आणि मुलाखतकाराच्या हातातल्या यादीत केस कोण, कंट्रोल कोण हे लिहिलेलंच नसतं.

आकडा पुन्हा मांडला. २४६ नीट वजनाची बाळं हवीत. १८ टक्के कमी वजनाची जाणार, म्हणून २४६ भागिले ०.८२, बरोबर ३००. नकार धरून ३३४. महिन्याच्या ८० जन्मांतून ३३ ते ३४ नावं. महिनावार काढायची, कारण उन्हाळ्यातलं बाळंतपण आणि सुगीतलं बाळंतपण यांत काम, जेवण, उकाडा सगळंच वेगळं.

नावं काढताना लागलेली ठेच: एक्सेलमधल्या रँड सूत्रानं यादी लावली, फाइल मिटली, पुन्हा उघडली तर क्रम बदललेला. ते सूत्र प्रत्येक वेळी नव्यानं आकडे काढतं. आकडे लगेच "व्हॅल्यूज" म्हणून चिकटवायचे, किंवा आर (आकडेमोडीचा संगणक प्रोग्राम) मध्ये सीड (तोच क्रम पुन्हा मिळावा म्हणून दिलेला आकडा) ठरवून काढायचे. आता दर महिन्याच्या १ तारखेला आर मधून काढतो, सीड वहीत लिहितो, छापील यादीवर सही.

२४ फेब्रुवारी. काटे

मुंबईच्या अभ्यासातला फरक १०५ ग्रॅमचा. काही ठिकाणी अजून टांगायचा स्प्रिंगचा काटा आहे, त्याची एक रेघ १०० ग्रॅमची. शोधायचा फरक आणि काट्याची रेघ एकाच मापाची, म्हणजे कठीणच.

रजिस्टरमधली वजनं नुसती उतरवून रांगेत लावली की दुखणं दिसतं. २.५, २.८, ३.० यांचे ढीग. १० ग्रॅमच्या डिजिटल काट्यावर शेवटी दोन शून्यं असलेली वजनं दहात एक इतकीच यायला हवीत. ढीग २.५ वर असणं आपल्याला सगळ्यात महाग पडतं, कारण २५०० म्हणजे "नीट" आणि २४९० म्हणजे "केस". २४६० चं बाळ लिहिताना अडीच झालं की केस गेली. त्यात वाईट हेतू असतोच असं नाही. बाळंतपणाच्या गडबडीत माणूस गोल आकडा लिहितो. पण २५०० च्या खाली गेलं की वर पाठवायचं, फॉर्म भरायचा, हेही खरं.

केलेले उपाय. दोन्ही केंद्रांत आणि उपकेंद्रांत ५ ग्रॅम अचूकतेचे डिजिटल काटे. एकाची किंमत साडेतीन हजारांच्या आसपास. वजनमाप खात्याचा शिक्का असलेलं दोन किलोचं वजन किराणा दुकानदाराकडून विकत घेतलं. दर सोमवारी ते काट्यावर ठेवायचं, दाखवलेला आकडा वहीत लिहायचा, १० ग्रॅमपेक्षा जास्त फरक आला तर काटा बाजूला. एका काट्यानं सपाट फरशीवर बरोबर आणि लाकडी टेबलावर ४० ग्रॅम कमी दाखवलं. टेबलाचा पाय आखूड होता. बाळ दुपट्यात गुंडाळून ठेवतात, म्हणून आधी कोरडं दुपटं ठेवून शून्य करायचं. ओलं झालेलं दुपटं बदललं की पुन्हा शून्य.

पलीकडच्या दवाखान्यांतले काटे आपल्या हातात नाहीत. तिथं जन्मलेल्या बाळासमोर "काटा तपासलेला नाही" अशी खूण. विश्लेषणात २४५० ते २५५० मधली बाळं काढून एकदा आणि ठेवून एकदा असा दोनदा हिशेब करायचा, हे आत्ताच लिहून ठेवलं. आकडे बघितल्यावर ठरवलं तर त्याला अर्थ राहत नाही.

५ मार्च. मिश्री विचारायची कशी

"तुम्ही तंबाखू वापरता का?" या प्रश्नाला पाहणीत जवळपास सगळ्या "नाही" म्हणाल्या, आणि कोनाड्यात मिश्रीची डबी. खोटं कुणी बोलत नव्हतं. मिश्री दात घासायची वस्तू आहे, तंबाखू पुरुष खातात.

आता क्रम असा आहे. सकाळी दात कशानं घासता? दिवसात आणखी कधी? पोटुशी असताना काय लावत होता? मळमळीच्या दिवसांत वाढलं की कमी झालं? घरी तव्यावर भाजता की पुडी आणता? पुडी किती दिवस पुरते? घरात आणखी कोण त्याच डबीतून घेतं? शेवटचा प्रश्न नंतर घातला, कारण पुडी चार दिवस पुरते याचा अर्थ एकटीला की सासूसकट तिघींना यावर तिप्पट फरक पडतो.

चिमटीचं माप प्रत्येकीचं निराळं. ०.१ ग्रॅम दाखवणारा सोनाराचा छोटा काटा सोबत नेतो, तिच्याच डबीतली तिचीच चिमूट कागदावर घेऊन मोजतो. तीनदा मोजून मधला आकडा. रोजचे ग्रॅम म्हणजे हा आकडा गुणिले वेळा. तोंडात किती वेळ राहते तेही विचारतो. नुसती घासून चूळ भरणारी आणि अर्धा तास ठेवणारी यांना एकाच रांगेत बसवता येत नाही.

लघवीतलं कोटिनिन (निकोटिनपासून शरीरात बनणारा पदार्थ) तपासावं अशी सूचना आली होती. नाकारली. बाळंतपणानंतर घेतलेला नमुना मागच्या दोन-चार दिवसांचं सांगतो, गरोदरपणाचं नाही. विड्या वळणाऱ्या बाईच्या अंगात ते हाताळण्यानंही वाढतं, त्यामुळे मिश्री आणि काम यांची पुन्हा सरमिसळ. पैसे वाचले ते प्रवासाला वळवले.

१८ मार्च. मुलाखत कुणी, कुठं, कधी

बारशापर्यंत परक्या माणसाला बाळंतिणीच्या खोलीत घेत नाहीत, आणि घ्यावं अशी अपेक्षाही करू नये. म्हणून मुलाखत तेराव्या दिवसापासून साठाव्या दिवसापर्यंत, सगळ्यांना सारखी. माहेरी असलेल्यांसाठी मुदत वाढवावी असा विचार झाला, पण मग पहिलटकरणींची आठवण जास्त जुनी आणि बाकीच्यांची ताजी असा नवा फरक घरात शिरतो. फोनवर घ्यावी तर चिमूट मोजता येत नाही. शेवटी पलीकडची गावं रस्त्यानुसार बांधली: कागलकडची एका दिवशी, गडहिंग्लजकडची एका दिवशी. माहेरची एक मुलाखत गावातल्या मुलाखतीच्या चौपट-पाचपट महाग पडते. बजेटमध्ये हा खर्च वेगळा दाखवा, नाहीतर तिसऱ्या महिन्यात पैसे संपतात आणि नेमक्या याच बायका सुटतात.

शेजारी कोण बसलंय हे नोंदवायचा रकाना केला. सासरी सासू, माहेरी आई. सासूसमोर धाकटी सून मिश्रीचं दबकत सांगते, आईसमोर मोकळी बोलते. पहिलटकरणी माहेरी, बाकीच्या सासरी, म्हणजे उत्तराचा खरेपणाही त्याच रेषेवर वाटला जातो. उपाय साधा निघाला: दोघी मुलाखतकार एकत्र जातात, एक सासूबाईंकडून घरची माहिती घेते (चूल की गॅस, माणसं किती, कमावते किती), दुसरी तेवढ्यात बाळंतिणीशी बोलते. घरची माहिती मुद्दाम लांबवायची नाही, पण घाईही नाही.

केस कोण हे मुलाखतकाराला माहीत नसावं असं पुस्तकात लिहिलेलं असतं. इथं बाळ मांडीवर असतं. दीड किलोचं बाळ कुणाच्याही नजरेला कळतं. पूर्ण पडदा शक्य नाही, म्हणून कडा बोथट केल्या. मिश्रीचे प्रश्न आधी, बाळाचं वजन आणि कार्ड शेवटी. प्रश्न छापील शब्दांतच. फोन मुलाखतीची सुरुवात आणि शेवट आपोआप नोंदवतो. दर आठवड्याला कमी वजनाच्या आणि नीट वजनाच्या बाळांच्या मुलाखतींचा सरासरी वेळ शेजारी ठेवून बघतो. एका आठवड्यात कमी वजनवाल्यांचा वेळ स्पष्ट वाढलेला दिसला. ऐकल्यावर कळलं, "आठवून बघा की, कधीतरी लावली असेल" असं जास्तीचं विचारलं जात होतं.

हे किती महाग पडतं त्याचा हिशेब टीमसमोर फळ्यावर मांडला. समजा मिश्रीचा काहीच परिणाम नाही, दोन्ही गटांत खरं प्रमाण २० टक्के. खोदून विचारल्यामुळे केसमधल्या ९५ टक्के मिश्रीवाल्या कबूल झाल्या आणि कंट्रोलमधल्या ८० टक्केच. दिसणारं प्रमाण १९ आणि १६, ऑड्स रेशो १.२३. शून्यातून तेवीस टक्के. उलट दोन्ही गटांत सारखीच चूक झाली (खऱ्या १०० पैकी ८० सापडल्या, न लावणाऱ्या १०० मध्ये ५ चुकून धरल्या गेल्या) तर खरा २ चा रेशो १.७१ दिसतो. सारखी चूक परिणाम झाकते, एकतर्फी चूक नसलेला परिणाम उभा करते. दुसरी जास्त वाईट.

२ एप्रिल. बेंदूर

बाळ हलकं असण्याची दोन कारणं वेगळी धरायची आहेत: दिवस न भरता झालं, की दिवस भरूनही पोटात वाढलं नाही. त्यासाठी शेवटच्या पाळीची तारीख लागते. ज्यांच्या कार्डावर नाही त्यांच्यासाठी सणांची दिनदर्शिका केली होती: बेंदूर (बैलांचा सण), नागपंचमी, गणपती, दसरा, आप्पाचीवाडीची हालसिद्धनाथाची यात्रा, संक्रांत.

मार्चमध्ये जन्मलेल्या बाळांत दिवस न भरलेली जरा जास्तच दिसायला लागली, आणि त्यातली बरीच अंगापिंडानं पुरती भरलेली. फॉर्म एकेक काढून बघितले तर सगळीकडे एकच खूण: "बेंदराच्या पुढंमागं पाळी". या भागात बेंदूर दोन. ज्येष्ठातला कर्नाटकी बेंदूर आणि आषाढातला महाराष्ट्री बेंदूर. दिनदर्शिकेत एकच छापला होता, आषाढातला. सासरी कर्नाटकी बेंदूर साजरा करणाऱ्या बाईचे दिवस त्यामुळे सरळ एक महिन्यानं कमी भरत होते, आणि चाळीस आठवड्यांचं बाळ छत्तीसचं होत होतं.

दोन्ही बेंदूर टाकले आणि पुढे प्रश्न जोडला: बैल रंगवले तेव्हा पेरणी झाली होती की चालू होती? बेंदराचा आधार घेतलेले जुने सगळे फॉर्म आशाताईंमार्फत परत विचारून दुरुस्त केले. दिनदर्शिका करताना त्याच गावातल्या दोन वयस्कर बायकांना दाखवून मगच छापा.

आठवडे ठरवायचा क्रम आता असा: चौदा आठवड्यांच्या आतली सोनोग्राफी असेल तर ती, नसेल तर कार्डावरची पाळीची तारीख, तीही नसेल तर दिनदर्शिका. शेवटच्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी दिवस मोजायला वापरायची नाही. ती बाळाच्या आकारावरून दिवस सांगते. न वाढलेलं बाळ तिला "कमी दिवसांचं" दिसतं, आणि आपल्याला जे दोन वेगळे करायचे तेच ती एकत्र करते.

१७ एप्रिल. नावं जुळेनात

तायी कार्ड कन्नडमध्ये, पलीकडचं डिस्चार्ज कार्ड मराठीत किंवा इंग्रजीत, आशाताईची वही दोन्हींत. एकाच बाईची तीन नावं होतात, त्यात माहेरचं आडनाव आणि सासरचं आडनाव. फोन नंबर नवऱ्याचा, आणि तो मध्येच बदललेला. नावावरून जुळवणी सोडून दिली. आरसीएच नंबर (गरोदर नोंदणीत मिळणारा सरकारी क्रमांक) हा एकच धागा धरला, दुसरा पडताळा बाळाच्या जन्मतारखेचा.

फॉर्म कोबोटूलबॉक्सवर (फोनवर माहिती भरायचं साधन) आहे. फुकट आहे, नेटवर्क नसतानाही भरता येतो, मराठी-कन्नड दोन्ही लेबलं एकाच फॉर्मवर चालतात. वजनाच्या खान्यात ५०० ते ५५०० ग्रॅमची मर्यादा घातली, म्हणून २.५ टाकलं तर पुढे सरकत नाही. चूक राहिली ती वेगळीकडे: "पहिलं बाळंतपण" निवडलं की आधीच्या गर्भपाताचा प्रश्नही लपत होता. आधी गर्भपात झालेली बाईही पहिलटकरीणच असते. फॉर्मची नवी आवृत्ती चढवण्याआधी सगळ्या फोनमधले जुने फॉर्म पाठवून घ्या, नाहीतर दोन आवृत्त्यांचे तक्ते हातानं जोडत बसावं लागतं.

६ मे. गेलेली बाळं

ज्या घरात बाळ दगावलं तिथं मुलाखतकार जायला कचरतात, आशाताई नाव सांगताना थांबतात. ते समजण्यासारखं आहे. पण सगळ्यात हलकी बाळंच जास्त दगावतात. ती वगळली तर केसमध्ये फक्त तग धरलेली बाळं उरतात आणि मिश्रीचा परिणाम असेल तर तो कमी दिसतो. समितीकडून दुरुस्ती मंजूर करून घेतली: अशा घरी चाळीस दिवसांनंतर, आधी आशाताईंनी विचारून, पर्यवेक्षकानं स्वतः जायचं, छोटा फॉर्म. नको म्हटलं तर तिथंच थांबायचं, फक्त नकार म्हणून मोजायचं.

२० मे. विश्लेषणाचा आराखडा, आकडे उघडण्याआधी

कशामुळे काय होतं याचे कागदावर बाण काढले. समायोजन कशाचं करायचं: आईचं वय, उंची, शिक्षण, कितवं बाळंतपण, चुलीचा धूर, वखारीतलं काम, विड्या वळणं. कशाचं नाही: हिमोग्लोबिन आणि गरोदरपणातली वजनवाढ. मिश्रीनं भूक मरून रक्त कमी होत असेल, तर ती मिश्रीचीच वाट आहे. तिला समीकरणात घातलं की परिणामाचा तो भाग आपणच पुसून टाकतो. आठवड्यांचंही तसंच, म्हणून दिवस भरलेल्या आणि न भरलेल्या बाळांचा हिशेब वेगवेगळा करायचा. गावानुसार जोड्या लावायची सूचना फेटाळली. विड्यांच्या गावात सगळ्याच बायकांचा तंबाखूशी संबंध, जोड्या लावल्या की तुलना करायला फरकच उरत नाही.

दोन्हीकडे मोजलेल्या बाळांमुळे साधा लॉजिस्टिक (अशी गुणोत्तरं काढायचं समीकरण) चालवला तर गुणोत्तर बरोबर येतं, पण विश्वासमर्यादा चुकीच्या येतात. रोबस्ट स्टँडर्ड एरर (ओळी एकमेकींपासून सुट्या नाहीत हे धरून काढलेली अनिश्चितता) घ्यायचा, एका बाईच्या सगळ्या ओळी एक गट धरून.

४ जून. सध्या

पेरणी सुरू झाली, दिवसा घरी कुणी सापडत नाही. मुलाखती संध्याकाळी पाचनंतर हलवल्या, पलीकडच्या गावांना फक्त रविवारी. अक्कोळकडच्या एका उपकेंद्राचा काटा सोमवारच्या तपासणीत सलग दोनदा २५ ग्रॅम जास्त दाखवतोय. बॅटरी बदलूनही तेच. बदली काटा येईपर्यंत तिथल्या वजनांसमोर "काटा तपासलेला नाही" ही खूण, आणि मागच्या सोमवारपर्यंतची वजनंही त्याच खुणेखाली.